एका ठसक्याची मुभा

“वहिनी, उद्या समजा ठसका लागला तर…”

एवढंच माझा धाकटा भाऊ बोलला आणि माझ्या बायकोने जेवता जेवता डावा हात वर केला. तळवा त्याच्याकडे, बोटं सरळ. आमच्या घरात या हाताचा दरारा आहे. मी माझ्या चष्म्यांच्या दुकानातली एखादी गोष्ट रंगवून सांगत असतो, तीच गोष्ट तिसऱ्यांदा चाललेली असते, आणि हा हात वर होतो. मग मी मुकाट्याने ताटाकडे बघतो.

“भावोजी, लेखी दिलंय का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग जेवा.”

तो जेवायला लागला. आईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मला विचारलं, “कुणाला लागलाय ठसका?”

“कुणाला नाही, आई. याच्या इंजिनाला लागेल की काय, असं चाललंय.”

“मग त्याला म्हणावं सावकाश जेव,” आई म्हणाली आणि भाजीचं भांडं पुढे सरकवलं. हसलो फक्त मी.

माझी बायको थांबवण्याचं काम करते. लोकांना हे सांगितलं की ते आधी माझ्याकडे बघून हसतात आणि म्हणतात, सगळ्यांच्याच बायका तेच करतात. तर तसं नाही. गावाबाहेर इंजिनांच्या चाचणीचं केंद्र आहे. तिथे अवकाशात जाणाऱ्या यानांची इंजिनं लोखंडी चौथऱ्यावर जखडून चालवून बघतात. इंजिन चालू असताना सगळे जण आपापल्या कामात असतात. कोणी इंधन बघतो, कोणी हवा बघतो. एक माणूस मात्र वेगळ्या खोलीत फक्त एका लाल बटणासमोर बसलेला असतो. काही बिनसलं की त्याने ते दाबायचं आणि इंजिन बंद पाडायचं. तो माणूस म्हणजे माझी बायको. केंद्रात तिला ‘लगाम’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि आवडतंही.

या कामाचे तिथे दोन नियम आहेत. पहिला, इंजिन बनवणाऱ्यांपैकी कोणाच्याही हातात बटण द्यायचं नाही, कारण ज्याचा जीव त्यात अडकलाय तो माणूस दाबायला कचरतो. दुसरा नियम मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळला. ज्याने बटण दाबलं त्याला त्या दिवशी ‘का दाबलंस’ असं कोणीही विचारायचं नाही. अगदी प्रमुखांनीही नाही. जे काय विचारायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत. आपल्याला लगेच जाब द्यावा लागणार अशी धास्ती असली की बोट क्षणभर रेंगाळतं, आणि तेवढ्यात इंजिनाच्या चिंधड्या होतात. एकदा झाल्या होत्या तशा. तेव्हापासून हा नियम आहे, आणि केंद्रातली सगळी माणसं तो देवासारखा पाळतात. चहावाला तर त्या दिवशी बटण दाबणाऱ्याला ‘साखर किती’ हेसुद्धा विचारत नाही.

आता माझा भाऊ. तो त्याच केंद्रात इंजिन बनवतो. आमच्या लग्नात तो शाळेत होता, शर्टाच्या खिशावर शाईचा डाग घेऊन मिरवत होता. ब्रेक नसलेल्या सायकलवरून उतारावर सुसाट जायचा. माझ्या बायकोने घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर त्या सायकलला कुलूप घातलं आणि ब्रेक बसेपर्यंत किल्ली कमरेला खोचून फिरली. तेव्हापासून त्या दोघांचं जे जमलं ते जमलंच. त्याने लग्न केलं नाही. आई विचारायची तेव्हा म्हणायचा, “इंजिन होऊ दे.” आईने पुढे विचारायचं सोडून दिलं. राहायला तो खालच्या मजल्यावर, जेवायला आमच्याकडे.

त्याचं इंजिन नेमकं काय आहे ते मी चष्मेवाल्याच्या भाषेत सांगतो, कारण मला तेवढंच समजलंय. अवकाशात जाणाऱ्या यानाला जाळायला इंधन लागतं आणि इंधन जळायला प्राणवायू लागतो. वर तो नसतो, म्हणून यान तो खालूनच टाक्या भरभरून घेऊन निघतं. सगळ्यात जास्त वजन त्याचंच. माझा भाऊ म्हणतो, म्हणजे नदीकाठच्या रस्त्याने जायचं आणि डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन निघायचं. त्याचं इंजिन जोवर हवा आहे तोवर तीच ओढून घेतं, वाटेतच पितं, आणि हवा संपली की मग बरोबरच्या छोट्या टाकीला तोंड लावतं. ओझं कमी झालं की यान जड आणि दणकट बांधता येतं, मग ते वर जाऊन परत येतं, धावपट्टीवर उतरतं आणि पुन्हा निघतं. जाळून फेकून द्यायचं नाही. हे सांगताना त्याचे कान लाल होतात.

यात अडचण एकच. एवढ्या वेगात घुसणारी हवा इंजिनाच्या घशात नीट उतरली पाहिजे. जरा कमीजास्त झालं की गिळलेली हवा उलटी बाहेर येते. मोठा धक्का बसतो, इंजिन हादरतं. यालाच ते लोक ठसका म्हणतात. एकामागून एक ठसके लागले तर इंजिन फाटतं. म्हणून बटणाच्या शेजारी जो नियमांचा तक्ता लावलेला असतो त्यात स्पष्ट लिहिलंय, पहिला ठसका लागला की थांबवा.

भावाने त्यावर तोड काढली होती. इंजिनाच्या घशाशी एक झडप बसवली होती. ठसका लागला की ती आपोआप उघडायची, जादा हवा बाजूने सोडून द्यायची, आणि इंजिन पुन्हा नीट श्वास घ्यायला लागायचं. छोट्या नमुन्यावर हे जमलं होतं. पूर्ण आकाराच्या इंजिनात ठसका अजून कधी लागलाच नव्हता, त्यामुळे झडप उघडायची वेळच आली नव्हती.

आणि उद्याची चाचणी शेवटची होती. केंद्रातल्या, चाचणीत इंजिनावर वेगाने हवा सोडणाऱ्या जुन्या टाक्या बदलायला घेणार होते. ते काम वर्षानुवर्षं चालणार होतं. त्याआधी वरच्या समितीने दोनांतलं एक इंजिन निवडायचं होतं. एक भावाचं आणि दुसरं नेहमीचं, सगळा प्राणवायू पाठीवर वाहून नेणारं. ते दुसरं कधीच तयार होतं. भावाचं इंजिन उद्या ठरलेला पूर्ण वेळ चाललं तर उडणार, नाही तर नाही. त्याच्या अर्ध्या आयुष्याचा निकाल लागणार होता.

बटणावर बसणारी दोनच माणसं आहेत आणि त्यांची पाळी ठरलेली असते. उद्याची पाळी माझ्या बायकोची होती. प्रमुखांनी भावाला बोलावून विचारलं होतं, वहिनींच्या जागी दुसऱ्यांना बसवू का. भाऊ म्हणाला, पाळी त्यांची आहे, त्याच बसू देत. हे त्याने घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. आज विचाराल तर मी सांगेन, अभिमान वाटायला नको होता.

शेवटची चाचणी म्हणून घरच्या लोकांना बोलावलं होतं. आम्हाला टेकाडावरच्या एका बैठ्या खोलीत बसवलं. समोर जाड काच, काचेपलीकडे लांबवर चौथरा, आणि भिंतीवर पडदा, ज्यावर तोच चौथरा जवळून दिसत होता. छताच्या कोपऱ्यात एक भोंगा होता. त्यातून आतल्या खोलीतलं बोलणं ऐकू यायचं. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने नवीन चष्मा लावला होता. मीच करून दिलेला, आणि तिच्या मते जुन्यापेक्षा वाईट.

“तो कुठाय?” आईने विचारलं.

“आत आहे. दिसणार नाही.”

“आणि ही?”

“तीही आत. दुसऱ्या खोलीत.”

“मग आपण काय बघायला आलोय?” आई म्हणाली.

मग ते सुरू झालं. आवाज कानात यायच्या आधी छातीत आला. आईने माझा हात धरला. इंजिनाच्या मागून निळसर जाळ निघाला, सरळ आणि टोकदार, जरासुद्धा हलत नव्हता. माझ्या शेजारी इंधन बघणाऱ्याची बायको बसली होती. तिने दोन्ही हातांनी पर्स पोटाशी घट्ट धरली होती. भोंग्यातून एक जण ठरावीक अंतराने सांगत होता, “ठीक. ठीक. ठीक.” अर्ध्याहून जास्त वेळ झाला तेव्हा तो “अर्ध्यापुढे” म्हणाला आणि खोलीत कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. बाकीच्यांनी त्याला गप्प केलं.

मला वाटतं तेव्हाच मी मनात त्याचं लग्न ठरवायला घेतलं होतं.

धाडकन आवाज झाला. पडद्यावरचं चित्र हादरलं. जाळ विझला, काळं झालं सगळं, आणि मग पुन्हा निळा उजेड आला. आला असं मला वाटलं. डोळे हा माझा धंदा आहे, पण त्या क्षणी मी माझ्या डोळ्यांची हमी देऊ शकत नव्हतो. पुढच्या क्षणाला सगळं शांत झालं. टाक्यांतून उरलेली हवा सुटल्याचा नुसता फुस्स आवाज येत राहिला.

भोंग्यातून माझ्या बायकोचा आवाज आला. “थांबवलं.”

तो शब्द तिने कितीतरी वेळा म्हटला असेल. आजही तसाच म्हटला. वर नाही, खाली नाही.

आईने माझ्याकडे बघितलं. “झालं?”

“झालं,” मी म्हणालो.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो. मला वाटलं होतं भाऊ येणार नाही. तो आला, हात धुतले आणि नेहमीच्या जागी बसला. माझी बायको वाढत होती. त्याच्या ताटात वाढलं, मग माझ्या, मग आईच्या. मी दुकानातली एक गोष्ट सुरू करून बघितली. एका गिऱ्हाइकाने चष्मा डोक्यावर ठेवून दिवसभर घरभर शोधला, ही. ती गोष्ट मी पूर्ण सांगितली आणि कोणी हात वर केला नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

माझ्या मनात एकच होतं. मी तो उजेड बघितला होता की नव्हता? तिने बघितला होता का? प्रश्न अगदी ओठांवर होता. पण केंद्राचा नियम केंद्राच्या फाटकापर्यंतच असतो असं आम्ही तिघं मानत नाही. मी पाणी प्यायलो.

आई मात्र केंद्रात नोकरीला नव्हती.

“का गं थांबवलंस?” तिने सुनेला विचारलं. सूर भांडणाचा नव्हता; दूध का उतू गेलं असं विचारतात तसं विचारलं.

माझ्या बायकोच्या हातातला डाव भांड्यात तसाच राहिला. “उद्या सांगते, आई.”

“उद्या काय? आज काय झालंय? एवढं छान चाललं होतं. मी बघितलं ना. पोराचं…”

“आई,” भाऊ म्हणाला, “आज त्यांना विचारायचं नाही.”

“मी तिची सासू आहे.”

“सासू असलीस तरी नाही.”

हे तो ताटातून डोळे न काढता बोलला. मग त्याने हात लांब करून भाजीचं भांडं घेतलं आणि आपल्या वहिनीच्या रिकाम्या ताटात वाढलं. ती अजून जेवायला बसली नव्हती. ती बसली. माझ्या भावाच्या इंजिनाबद्दल मला काही समजत नाही, पण त्या संध्याकाळी तो माझ्यापेक्षा मोठा झाला एवढं मला समजलं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला मी नव्हतो. पण दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही सांगणं शब्दाला शब्द जुळलं, म्हणून मी ते खात्रीने सांगतो.

सगळे गोल टेबलाभोवती बसले. भिंतीवर आलेख लावला. इंजिनाच्या घशातल्या दाबाची रेघ सरळ चालली होती, एका जागी खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली, आणि तिथून पुन्हा वर यायला लागली. झडप उघडली होती. जाळ पुन्हा पेटला होता. रेघ जवळजवळ पहिल्या उंचीवर आली होती आणि तिथेच तुटली होती, कारण तिथे माझ्या बायकोच्या बटणाने इंधन तोडलं. मी बघितलेला उजेड खरा होता. जगात पहिल्यांदाच एवढं मोठं इंजिन ठसका खाऊन स्वतः सावरत होतं, असं भाऊ मला नंतर म्हणाला. तेव्हा त्याचे कान लाल नव्हते.

प्रमुखांनी माझ्या बायकोला विचारलं, “का थांबवलंत?”

“ठसका लागला. पहिल्या ठसक्याला थांबवायचं असं तक्त्यात आहे.”

“सावरतंय हे दिसलं नाही?”

“नाही दिसलं. बोट आधी पोचलं. आणि दिसलं असतं तरी मी दाबलंच असतं. सावरतंय की नाही ते बघत बसायचं असेल तर तसं तक्त्यात लिहा, मी बघत बसेन. लिहिलेलं नसताना मी माझ्या मनाने इंजिनाला संधी द्यायला लागले, तर उद्यापासून त्या खुर्चीत माझ्याऐवजी माझं मन बसेल.”

प्रमुख माझ्या भावाकडे वळले. “झडप तुमची. ती चालणार याची तुम्हाला खात्री होती. मग एका ठसक्याची मुभा का मागितली नाहीत? एक कागद दिला असता तर तक्ता बदलला असता. मागच्या इंजिनाच्या वेळी तुम्हीच दोनदा तक्ता बदलून घेतला होता.”

भाऊ म्हणाला, “खुर्चीत वहिनी होत्या. घरचं माणूस बसलंय म्हणून नियम सैल करून मागतोय असं दिसलं असतं. दुसरं कोणी असतं तर मागितली असती.”

बैठकीतून माझी बायको सरळ माझ्या दुकानात आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. डोळे तपासायच्या उंच खुर्चीत ती बसली आणि हे सगळं तिने मला सांगितलं.

“म्हणजे ते सावरत होतं,” मी म्हणालो.

“सावरत होतं.”

“मग?”

“मग काय? मी दाबलं.”

मी काचा पुसायचं फडकं हातात घेऊन उभा होतो. “तू परवा जेवताना तो हात वर केला नसतास तर?”

“तर ते मला घरात बसून फितवत होते असं झालं असतं. हात बरोबर होता, अहो.” तिने खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली. “मी वाट बघत होते. आठवडाभर. रोज सकाळी टेबलावर बघायचे, आज भावोजींचा कागद येईल. आला असता तर मी दुसऱ्या मिनिटाला सही केली असती. मला त्या झडपेवर भरवसा होता. पण मागायला हवं होतं त्यांनी. मी कशी सांगणार, मागा म्हणून? मी खुर्चीतली.”

“तुला वाईट वाटतंय?”

“वाटतंय ना. भावोजींचं फार वाईट वाटतंय.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बटणाचं नाही वाटत.”

तिने पदराने डोळे पुसले, आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लागली. शेवटची ओळ तिला आली नाही. मी तिला म्हटलं, रडल्यावर कोणालाच येत नाही.

समितीचा निर्णय यायला वेळ लागला नाही. पाठीवर ओझं वाहणारं इंजिन निवडलं गेलं. भावाच्या इंजिनाचं कौतुक केलं होतं आणि पुढच्या वेळी त्याचा जरूर विचार करू असं म्हटलं होतं. पुढची वेळ म्हणजे काय ते आमच्या आईलासुद्धा कळलं. इंजिन उघडून, साफ करून गोदामात ठेवायचं ठरलं. मधल्या दिवसांत भाऊ जेवायला यायचा, पण उशिरा, आणि पटकन जेवून जायचा. वहिनीशी बोलणं बंद नव्हतं. ‘मीठ द्या’, ‘घ्या’ एवढं होतं. कधीकाळी एकमेकांशी भांडल्याशिवाय ज्यांचं जेवण पचायचं नाही त्या दोघांचं हे ‘घ्या’ आणि ‘द्या’ ऐकणं मला जड जात होतं.

एका दुपारी त्याचा फोन आला. “दादा, जवळचं बारीक बघायला चष्मा हवाय. आजच्या आज.”

माझा भाऊ चष्मेवाल्याचा भाऊ असून चाळिशी लावायला कधी तयार नव्हता. पुस्तक हाताच्या अंतरावर धरून वाचायचा आणि वर म्हणायचा, हात लांब आहेत माझे. मी विचारलं, “हात कमी पडायला लागले का?”

“आण तू,” तो म्हणाला.

त्याचा नंबर मला पाठ होता. घरातल्या सगळ्यांचे असतात. त्याचा आणि माझ्या बायकोचा जवळचा नंबर तर एकच. चष्मा तयार केला, तिला घरून घेतलं, कारण तिच्या ओळखपत्राशिवाय मला फाटकातून सोडत नाहीत, आणि आम्ही केंद्रात गेलो.

इंजिन एका उंच पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर ठेवलं होतं. वरचं आवरण काढलेलं होतं. आतली सगळी नळकांडी आणि सांधे उघडे पडले होते. भाऊ पालथी बादली घेऊन तिच्यावर बसला होता, तोंड इंजिनाच्या घशात. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तडा शोधायची त्यांची एक रीत आहे. धातूवर लाल रंग लावायचा, पुसून काढायचा, वर पांढरी भुकटी मारायची. कुठे केसाएवढा तडा असला तर त्यात मुरलेला रंग बाहेर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. इंजिन सगळं पांढरं झालं होतं. पलीकडे तीनचार कामगार पाने आणि साखळ्या आवरत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागले.

वहिनीला बघून भाऊ उठायला लागला. ती म्हणाली, “बसा.”

मी चष्म्याचं घर त्याच्या हातात दिलं. त्याने ते उघडलं नाही.

“हे काय चाललंय?” तिने विचारलं. “गोदामात ठेवायचं असलं तर इतकं बघत नाहीत.”

“तडा शोधतोय.”

“दिसला का?”

“नाही. दोनदा बघून झालं. घशातले आतले सांधे राहिलेत, ते मला नीट दिसत नाहीत. म्हणून दादाला म्हटलं.” त्याने हाताने कपाळ पुसलं, तिथेही लाल लागलं. “एक तरी सापडेल, वहिनी. एवढा मोठा ठसका होता. एक तरी असणारच.”

“सापडून काय करायचंय तुम्हाला?”

तो आपल्या लाल हातांकडे बघत म्हणाला, “सापडला तर लिहून देता येईल. आणखी थोडं चाललं असतं तर फाटलं असतं, असं. मग तुम्ही बरोबर ठराल. केंद्रात लोक काय काय बोलतात ते तुमच्या कानावर येत नाही. माझ्या येतं. इंजिन तर गेलंच आहे. त्याच्यामागे तुमचं नाव कशाला जायला हवं?”

माझा भाऊ स्वतःच्या आयुष्यभराच्या कामात खोट शोधत बसला होता, हे मला तेव्हा कळलं. मी शेडच्या पत्र्याकडे बघायला लागलो.

माझ्या बायकोने चष्म्याचं घर त्याच्या हातातून काढून घेतलं.

“भावोजी, मी बरोबरच आहे. तडा असला तरी आणि नसला तरी. लोक काय बोलतात ते बोलू देत, त्यांना कधी बसवा त्या खुर्चीत. पण माझ्यासाठी हे वाईट ठरवायचं नाही. मला ते चालणार नाही.”

“वहिनी…”

“सरका.”

तो सरकला. तिने चष्मा लावला, पदर कमरेला खोचला आणि बादलीवर बसली. मला म्हणाली, “अहो, तो दिवा इकडे धरा.” मी दिवा धरला. ती इंजिनाच्या घशात डोकं घालून एकेक सांधा बघायला लागली. घाईघाईत नाही. पांढऱ्या भुकटीवर कुठे लाल रेघ आहे का ते बघायची, पुढे जायची. पहिला सांधा बघून झाल्यावर ती मोठ्याने म्हणाली, “चांगला.” आवाज त्या पोकळीतून घुमून शेडभर ऐकू आला. पलीकडच्या कामगारांच्या साखळ्यांचा आवाज थांबला.

“चांगला,” ती पुन्हा म्हणाली. मग दिवा जरा डावीकडे घ्यायला सांगितलं. “हाही चांगला.”

भाऊ उभा होता. प्रत्येक सांध्याला ती तेच म्हणत होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि प्रत्येक वेळी त्याचे खांदे थोडे थोडे खाली येत होते. शेवटी तो इंजिनाच्या पलीकडे गेला, ओंडक्यावर टेकला आणि लाल झालेल्या हातांत तोंड लपवलं. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. ती आतच होती, तिचं काम अजून बरंच उरलं होतं, आणि माझा हात भरून आला तरी मी दिवा खाली घेतला नाही.